दिवाडी बेटावर दोन दिवसांचा प्राचीन संगीत महोत्सव: आधी फेरीबोट, मग कलाकार

पुणे आणि पणजी येथील काही रसिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर शनिवार-रविवार असा एक महोत्सव करण्याची त्यांची इच्छा आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकातील युरोपीय संगीत त्या काळच्या वाद्यांवर सादर व्हावे, त्याच्या जोडीला धृपद असावे आणि बेटाच्या वारशाची ओळख करून देणारी पायी फेरी असावी, असे स्वरूप त्यांच्या मनात आहे. सुरुवात कोठून करावी, चर्चमध्ये ध्वनिक्षेपक लावावा का, आणि पाचशे माणसे आली तर त्यांचे काय करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मैफलींची मांडणी आणि वाद्ये लावण्याचे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहे. त्या अनुभवावरून, ज्या क्रमाने ही कामे करावीत असे मला वाटते, त्याच क्रमाने उत्तर देतो.

कलाकारांची यादी सध्या बाजूला ठेवावी. बेटावरचा कार्यक्रम शेवटच्या फेरीबोटीपासून मागे मोजत आखायचा असतो. दिवाडीला पूल नाही. मांडवी ओलांडण्यासाठी जुने गोवे, रायबंदर आणि डिचोली तालुक्यातील नार्वे या तीन धक्क्यांवरून फेरीबोट मिळते, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला यांपैकीच एका वाटेने परतायचे असते. एखाद्या शनिवारी संध्याकाळी या तिन्ही धक्क्यांवर प्रत्यक्ष उभे राहून एका खेपेत किती माणसे, किती दुचाकी आणि किती मोटारी चढतात आणि एका खेपेला जाऊन-येऊन किती मिनिटे लागतात, याची वहीत नोंद करावी. समजा, एका खेपेत १०० माणसे मावली आणि खेप पूर्ण व्हायला २० मिनिटे लागली, तर ४०० श्रोत्यांपैकी शेवटचे १०० जण बोटीत बसेपर्यंत तास उलटलेला असतो. म्हणजे साडेनऊला संपणाऱ्या मैफलीचा शेवटचा श्रोता साडेदहानंतर नदी पार करील. हे गणित सुटले नाही, तर दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी संगीताऐवजी धक्क्यावरची रांगच असेल. त्यामुळे नदी परिवहन खात्याकडे जादा फेऱ्यांसाठी पुरेसे दिवस आधी लेखी अर्ज करावा, आणि होकार मिळाला तरी मुख्य मैफल साडेसात-आठपर्यंत संपेल अशीच वेळ ठेवावी.

पाचशे माणसांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. एका वेळी अडीचशे ते तीनशेपेक्षा अधिक श्रोत्यांना बोलावू नये. आगाऊ नोंदणी ठेवावी आणि मोटारी शक्यतो पलीकडच्या तीरावरच थांबतील अशी व्यवस्था करावी. बेटावरचे रस्ते अरुंद आहेत, आणि त्यांच्या कडेला दिसणारी मोकळी सपाट जमीन बहुतेक ठिकाणी खाजन (भरतीच्या पाण्यापासून बांधाने राखलेली) शेती असते. खाजनाचे बांध आणि भरतीचे पाणी अडवणाऱ्या मानशी यांवर तेथील शेती टिकून आहे. बाहेरून आलेल्या माणसाला तो बांध म्हणजे मोटार लावायला सोयीची जागा वाटते आणि एका संध्याकाळीत त्याची कड ढासळते. गावकऱ्यांशी संबंध बिघडवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

तारखेबाबत माझे मत स्पष्ट आहे: पाऊस पूर्ण सरल्यानंतर आणि कार्निव्हलच्या आधी, म्हणजे साधारणपणे जानेवारीचा दुसरा पंधरवडा. डिसेंबरच्या सुरुवातीला पलीकडे जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे नोव्हेने (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि ३ तारखेचे फेस्त असते, तेव्हा त्या धक्क्याच्या आसपास पाऊल ठेवायलाही जागा नसते. कार्निव्हलच्या सुमारास बेटावर पोटेकारांचा (मुखवटे घालून हिंडणाऱ्या सोंगांचा) स्वतःचा उत्सव असतो, आणि त्यानंतर लागणाऱ्या उपासकाळात (ईस्टरपूर्वीच्या लेंटमध्ये) चर्च मैफलीसाठी मागणे औचित्याला धरून होत नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो. तो पाहायला जरूर जावे, पण त्या ऋतूत तंतुवाद्ये नेऊ नयेत.

आता चर्चविषयी. येथे हौशी आयोजकांची सर्वाधिक फसगत होते, कारण चर्च म्हणजे उत्तम नाद असलेले सभागृह अशी त्यांची समजूत असते. चर्चमधील मैफलींविषयी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी एक पत्र काढले आहे, आणि ते प्रत्येक आयोजकाने वाचून ठेवावे. त्यातील मुद्दे तुमच्या नियोजनाला थेट लागू पडतात. परवानगी लेखी मागावी लागते आणि ती धर्मप्रांताच्या प्रमुखांकडून येते. स्थानिक फादरांचा तोंडी होकार पुरेसा नसतो. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा लागतो. वादक-गायकांनी वेदीच्या आवारात बसू नये, वेदी आणि धर्मगुरूचे आसन यांचा मान राखावा आणि पोशाख त्या जागेला साजेसा असावा, अशीही अपेक्षा आहे. चर्चमध्ये सादर होणारे संगीत धार्मिक स्वरूपाचे असावे, हा त्या पत्राचा गाभा. याचा व्यावहारिक अर्थ असा की तिकीटविक्रीवर आधारलेला तुमचा अंदाजपत्रकाचा कागद चर्चच्या दारापाशीच निकालात निघतो, आणि दरबारी नृत्यसंगीताची किंवा प्रेमगीतांची मैफल दुसरीकडे हलवावी लागते. शिवाय शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी चर्च मिस्सासाठीच (सामूहिक उपासनेसाठी) लागते, लग्ने असतात ती वेगळीच. त्यामुळे शनिवार-रविवारच्या महोत्सवाला चर्च खऱ्या अर्थाने मोकळे मिळते ते रविवारी दुपारनंतर. त्या संध्याकाळी आमोरीची (सांजप्रार्थनेची) घंटा वाजेल हे गृहीत धरूनच मध्यंतराची वेळ ठरवावी. घंटा थांबवण्याची विनंती कोणी करू नये. अशी विनंती झालेली मी एकदा पाहिली आहे, आणि पुढची तीन वर्षे त्या मंडळींना त्या आवारात कोणी उभे केले नाही.

बेटावरच्या टेकडीवरचे पिएदाद चर्च अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे आहे आणि त्याची रचना आंतोनियो जुआंव फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूने केली, एवढे जरी श्रोत्यांना सांगितले तरी ती वास्तू त्यांना वेगळ्या नजरेने दिसू लागते. नादाच्या दृष्टीने अशा इमारतींचा स्वभाव मात्र आधी ओळखून घ्यावा लागतो. चुन्याचा गिलावा, दगडी फरशी आणि उंच छत यांमुळे आवाज घुमतो आणि रेंगाळतो. किती रेंगाळतो याचा अंदाज सॅबिनच्या सूत्राने काढता येतो: घनमीटरमधील आकारमानाला ०.१६१ ने गुणावे आणि चौरस मीटरमधील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. उदाहरणादाखल ३५ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच अशी वास्तू धरली, तर आकारमान ५,८८० घनमीटर होते. रिकाम्या वास्तूचे शोषण २५० धरल्यास स्वर विरायला पावणेचार सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तीनशे माणसे बसली आणि प्रत्येकाने सरासरी ०.४५ चौरस मीटर शोषण वाढवले, तर तोच काळ अडीच सेकंदांच्या खाली येतो. म्हणूनच रिकाम्या चर्चमधल्या तालमीवरून मैफलीची लय ठरवू नये. तालमीला गायकांना जी लय धिमी आणि भारदस्त वाटते, ती संध्याकाळी भरलेल्या चर्चमध्ये ओढूनताणून धरल्यासारखी होते.

यावरून ध्वनिक्षेपकाचाही निर्णय होतो. गायनासाठी आणि वाद्यांसाठी तो अजिबात लावू नये. फक्त निवेदनासाठी, कमी आवाजावर, एक साधा ध्वनिवर्धक पुरे. रेंगाळणाऱ्या नादात आणखी आवाज ओतला की शब्द आणि स्वर दोन्ही गढूळ होतात. कार्यक्रमाच्या वेळी पंखे बंद ठेवण्याची तयारी करावी, कारण हार्पसिकॉर्डचा (तारा छेडून वाजणाऱ्या जुन्या युरोपीय कळवाद्याचा) आवाज एका छतपंख्याच्या घरघरीत सहज हरवतो. जनित्र आणलेच तर ते इमारतीच्या पाठीमागे शक्य तितके दूर ठेवावे आणि त्याला लागणारी लांब केबल आधीच मागवून ठेवावी. उघड्या अंगणातल्या कार्यक्रमाला ध्वनिवर्धक लावणार असाल, तर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो चालत नाही. वर्षातील मोजक्या दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण ज्या महोत्सवाला फेरीबोट गाठायची आहे, त्याने त्या सवलतीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

वाद्यांच्या बाबतीत सगळा जीव हार्पसिकॉर्डवर ठेवावा. हे वाद्य आपल्याकडे फार थोड्यांकडे आहे आणि ते मोठ्या मिनतवारीने मिळते. स्वरपट्ट्यांच्या दोन ओळी असलेले वाद्य सव्वादोन मीटरहून लांब असते, आणि त्याची तबली सतारीच्या तबलीइतकीच हवेला हळवी असते. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगते आणि स्वर चढतो. कोरडी हवा लागली की उतरतो. नदीकाठी दुपार आणि रात्र यांत हा फरक पुरेसा मोठा पडतो. पूर्वी एका किनारी गावात आम्ही वाद्य वातानुकूलित गाडीतून उतरवून थेट उन्हात, धक्क्यावर चाळीस मिनिटे उभे ठेवले. चूक माझीच होती. बोट चुकली आणि सावली शोधण्याचे मला सुचले नाही. त्या संध्याकाळी कार्यक्रमाआधी दोनदा आणि मध्यंतरात एकदा वाद्य लावूनही वरचे सप्तक शेवटपर्यंत ठरले नाही. तेव्हापासूनचा माझा नियम असा: वाद्य शुक्रवारी सकाळी, फेरीबोटीला गर्दी नसताना, बेटावर पोहोचले पाहिजे, आणि ज्या वास्तूत ते वाजणार आहे त्याच वास्तूत, खिडकीच्या झोतापासून दूर, त्याने पुढचे दोन दिवस काढले पाहिजेत. ओहोटीला धक्क्याचा उतार अधिक तीव्र होतो, तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून वाद्य चढवण्याची वेळ ठरवावी. लावणाऱ्याला प्रत्येक कार्यक्रमाआधी संपूर्ण शांततेत एक तास मिळाला पाहिजे. त्या तासात फुलांची सजावट, खुर्च्यांची ओढाताण आणि मान्यवरांची पाहणी होऊ देऊ नये.

या वाद्यांची पट्टी आधुनिक वाद्यांपेक्षा निराळी असते, हेही स्थानिक वादकांना आधी कळवून ठेवावे. बरोक (सुमारे १६०० ते १७५० या काळातील युरोपीय) संगीतासाठी आज सर्वत्र रूढ झालेली पट्टी ४१५ हर्ट्झची आहे, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत कागदावर पांढरी सहा लिहिलेली असली, तरी ऐकू येते ती काळी चार. पाहुण्यांसोबत व्हायोलिन वाजवायला गावातला एखादा तरुण तयार झाला आणि त्याला हे कोणी सांगितलेच नाही, तर पहिल्या तालमीला त्याची उगाच फजिती होते.

धृपद आणि युरोपीय संगीत एकत्र का ठेवायचे, याचे उत्तर तुमच्या पत्रात ‘दोन्ही प्राचीन आहेत’ एवढेच आहे. त्यापेक्षा चांगले कारण उपलब्ध आहे. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराच्या दरबारात धृपदाला रूप आले. त्याची कारकीर्द १५१६ मध्ये संपली, आणि त्याच दशकात, १५१० मध्ये, पोर्तुगीज तिसवाडीत (दिवाडी ज्या तालुक्यात आहे तेथे) उतरले होते. तानसेनाच्या उत्तरायुष्यात पोर्तुगालमधील एव्होराच्या कॅथेड्रलशी निगडित मानुएल कार्दोझो आणि दुआर्ते लोबो हे लहानाचे मोठे होत होते. त्यांच्या बहुस्वरी (एकाच वेळी अनेक स्वरावली गुंफणाऱ्या) रचना आज प्राचीन संगीताच्या मैफलींत मानाने गायल्या जातात. म्हणजे दोन्ही परंपरा एकमेकींच्या समकालीन होत्या आणि गोव्यात त्यांच्यामध्ये जेमतेम एका नदीचे अंतर होते. पल्लींमधील (चर्चच्या विभागांतील) शाळांत मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवीत असताना पलीकडच्या तीरावरच्या देवळांत कीर्तन चालू होते. हे अंतर श्रोत्यांना जाणवू द्यावे. तानपुरा आणि हार्पसिकॉर्ड यांचे एकत्र वादन ठेवण्याचा मोह होईल, प्रायोजकालाही तीच कल्पना आवडेल, पण तो मोह आवरावा.

याला एक स्वरशास्त्रीय कारणही आहे, आणि ते रविवारी दुपारी अर्ध्या तासाच्या सप्रयोग व्याख्यानात दाखवण्याजोगे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात प्रचलित असलेल्या मीनटोन पद्धतीने हार्पसिकॉर्ड लावला, की त्याचा गांधार ५:४ या शुद्ध प्रमाणात, म्हणजे षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) येतो. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच. आजच्या पियानोचा गांधार ४०० सेंटवर, म्हणजे चांगलाच चढा असतो. तेव्हा चारशे वर्षांपूर्वीचे युरोपीय वाद्य आणि आपला तानपुरा गांधारावर अगदी मिठी मारतात. मात्र हा गांधार साधण्यासाठी मीनटोनमध्ये प्रत्येक पंचम सुमारे ५ सेंट उतरवलेला असतो, आणि तानपुऱ्याचा पंचम तर निखळ शुद्ध. तेथे दोघे एकमेकांना खटकतात. हे श्रोत्यांना एकदा ऐकवावे, ते जन्मभर विसरणार नाहीत. त्यावर तासाभराची जुगलबंदी बेतू नये.

धृपदासाठी चर्च मागू नये. देवतास्तुतीची पदे तेथे गाणे दोन्हीकडच्यांना अवघडल्यासारखे होईल आणि वर सांगितलेल्या पत्रातही ते बसत नाही. एखाद्या जुन्या घराचे राजांगण (आतला उघडा चौक) मिळाले तर ते सर्वांत उत्तम. रुद्रवीणेचा आवाज सतारीपेक्षाही आतला असतो, तेव्हा साठ ते ऐंशी श्रोत्यांपलीकडे जाऊ नये. पनवेलजवळ पळस्पे येथे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांनी उभारलेल्या गुरुकुलाच्या परंपरेतील वीणा ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना हा आकडा मोठाच वाटेल. रविवारी पहाटे आलाप ठेवायचा असेल, तर तो बेटावर मुक्कामाला असलेल्यांसाठीच आहे, असे स्पष्ट जाहीर करावे. पहिल्या फेरीबोटीने धावत येणारा श्रोता आलाप अर्धा झाल्यावर पोहोचतो आणि खुर्ची ओढून बसतो.

स्थानिक संगीताबद्दल एक सावधगिरी सांगतो. गोव्यातील चर्चमध्ये उपासकाळात गायले जाणारे मोतेत ही विलक्षण देखणी परंपरा आहे, आणि ते महोत्सवात हवेत असे तुम्हाला वाटणारच. परंतु हे मोतेत गोमंतकीय मेस्तांनी रचलेले असून त्यांतील बहुतेक सोळाव्या शतकाच्या बरेच नंतरचे आहेत, तेव्हा पत्रिकेत त्यांना ‘प्राचीन’ म्हणू नये. आणि ते भक्तीच्या विशिष्ट काळाशी बांधलेले आहेत. पल्लीच्या गायकवृंदाला विचारावे. त्यांनी जानेवारीत गाण्यास नकार दिला, तर आग्रह न धरता त्यांना हवे ते गाऊ द्यावे. मांडो हा गोव्यातील गीत-नृत्यप्रकार एकोणिसाव्या शतकात बहरला. तो शनिवारी रात्री जेवणानंतर घरगुती बैठकीत शोभून दिसेल.

वारशाची फेरी ही या महोत्सवातील सर्वांत मोलाची गोष्ट ठरू शकते, आणि अशा कार्यक्रमांत नेमकी तीच उरकली जाते. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्स चालू असताना श्रोत्यांना देण्याजोगा तोच उत्तम कार्यक्रम आहे. सुरुवात पिएदादच्या टेकडीवर करावी, मात्र मिस्साला आलेल्यांच्या वाटेत न येता. तेथील दफनभूमीतील लहान चॅपलमध्ये कदंबकालीन (पोर्तुगिजांपूर्वी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातील) मंदिराचे कोरीव अवशेष आजही पाहता येतात. बेटावरच्या नावेली गावच्या गणपतीने बेट सोडले आणि तो शेवटी खांडोळ्याला स्थिरावला, ही हकिकत याच ठिकाणी सांगावी. तेथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्वेच्या धक्क्याकडे निघावे. कदंबांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बाजूला होते. कदंब राजे आपल्या नाण्यांवरही त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख करीत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले आणि देव नदीपार गेला. श्रोत्यांनीही तसेच, फेरीबोटीने नदीपार जावे. पलीकडे डिचोलीतील नार्वे येथे आजचे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या जीर्णोद्धाराचा प्रारंभ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीला झाला, हे तेथील शिलालेख सांगतो. अलीकडे राज्य सरकारने त्याचे संवर्धन केले आणि २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले.

या फेरीत ध्वनिक्षेपक घेतलेला मार्गदर्शक नसावा. वीस-वीसचे गट करावेत आणि प्रत्येक गटासोबत बेटावरचाच एक जाणता माणूस द्यावा. इतिहासाचे पदवीधर त्याच्या शेजारून चालले तरी चालेल. पाडापाडीचा इतिहास सांगताना आवाज चढवण्याची गरज नसते. ज्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला आणि ज्यांच्या पूर्वजांनी देव उचलून नदी ओलांडली, ते दोघेही त्या गटात चालत असतात.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो, कारण बाकी सगळे हिशेबनीस सांभाळतील. चर्चमधील मैफल विनामूल्य, तेव्हा तिचा खर्च देणग्यांतून काढावा. राजांगणातील बैठका, व्याख्यान आणि रविवारचे जेवण यांना मात्र शुल्क ठेवता येते. जुन्या रचनांवर रचनाकाराचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो, पण गायक जी छापील प्रत वापरतात तिच्या संपादकाचा हक्क असू शकतो. प्रती छायांकित करून वाटण्याआधी ते तपासावे. कलाकारांचा मुक्काम बेटावरील घरांतच ठेवावा. जे मानधन शहरातल्या हॉटेलला गेले असते ते गावात राहते, आणि सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकत उठलेला गायक तालमीला वेळेवर येतो.

पहिल्या वर्षी दोन दिवसांत पाचच कार्यक्रम ठेवावेत: शनिवारी दुपारी राजांगणात छोट्या वाद्यवृंदाची मैफल, रात्री घरगुती बैठक, रविवारी पहाटे वीणा किंवा धृपद, सकाळी फेरी, आणि संध्याकाळी चर्चमध्ये बहुस्वरी गायन. स्वरांविषयीचे व्याख्यान फेरीवरून परतल्यानंतर, जेवणाला जोडून घ्यावे. रविवारी रात्री सगळे श्रोते पार झाल्यावर हार्पसिकॉर्डही त्याच बोटीवर चढवण्याची घाई स्वयंसेवक करतील. त्यांना थांबवावे, चर्चला कुलूप लावावे आणि वाद्य सोमवारी, ऊन चढण्याआधीच्या भरतीला न्यावे.